घोडा शांत दिसतो, पण त्याच्या रक्तवाहिन्यांचे काय?

झायलाझिनचे इंजेक्शन शिरेत दिले की दोन-तीन मिनिटांत घोड्याची मान खाली येते. खालचा ओठ लोंबतो, पापण्या अर्ध्या मिटतात, पाय जरा फाकवून तो उभा राहतो. मघाशी तिघांना न आवरणारे जनावर आता एका दोरीवर थांबते. बघणारे म्हणतात, "झोपला." पण त्याच वेळी त्याच्या लहान रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, रक्तदाब वर चढलेला असतो आणि हृदय नेहमीपेक्षा कितीतरी सावकाश चाललेले असते. थोड्या वेळाने चित्र उलटते आणि दाब खाली येतो. बाहेरून यातले काही दिसत नाही. घोडा दोन्ही वेळा तसाच, मान खाली घालून उभा.

आरोग्याच्या पानावर घोड्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. माथेरानला आजही पर्यटकांना पाठीवर घेऊन घोडा चालतो. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यतीचे तबेले आहेत, आणि गावोगाव वरातीची घोडी आहे. या सगळ्या ठिकाणी इंजेक्शन डॉक्टर देतो, पण दोरी धरून घोड्याच्या तोंडाशी उभा असतो तो मोतद्दार. सुई निसटली तर ती त्याच्या हातात घुसते, आणि घोडा कोसळला तर तो त्याच्याच अंगावर. घोडा शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ तोच बसतो. त्याला या औषधाबद्दल कुणी चार शब्द सांगत नाही. शिवाय याच औषधाची भावंडे आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही असतात. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

झायलाझिन १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीने तयार केले. गंमत अशी की शोध चालला होता तो माणसाचा रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचा. माणसांवर वापरून पाहिले तेव्हा दाब फारच उतरू लागला आणि गुंगीही जड येऊ लागली, म्हणून माणसासाठी ते सोडून देण्यात आले. जनावरांच्या डॉक्टरांना मात्र नेमकी ती गुंगीच हवी होती. दाब उतरवण्यासाठी शोधलेले औषध घोड्यात आधी दाब चढवते, हे कोडे वाटते. ते सोडवायचे तर रक्तदाब म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

योगायोग असा की जगात रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका घोडीचाच. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने जिवंत घोडी जमिनीवर बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढले. १७३३ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. त्या घोडीला गुंगी नव्हती आणि तिचे दुखणे कमी करायलाही काही नव्हते. आज घोड्याचा दाब शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधून, त्याला न दुखवता मोजता येतो. विज्ञानाचा इतिहास वाचताना नळीच्या उंचीबरोबर त्या घोडीचीही आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते ही एक, आणि ते रक्त ज्या नळ्यांतून जायचे त्या किती मोकळ्या आहेत ही दुसरी. अंगणात झाडांना पाणी घालताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबून पाहा. आतला दाब वाढतो, धार लांब जाते, बघायला जोर मोठा वाटतो. पण आता त्याच नळीने बादली भरायला घ्या. आधीपेक्षा जास्त वेळ लागेल. दाब वाढला आणि पाणी कमी झाले.

शरीरात अंगठ्याचे काम लहान धमन्या करतात. त्यांच्या भिंतीत गोल गुंडाळलेला स्नायू असतो. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. तो आवळला की नळी अरुंद होते आणि सैल सोडला की मोकळी. यातले गणित फसवे आहे. नळीची आतली रुंदी निम्मी झाली, तर रक्ताला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणून रक्तवाहिनी जराशी आवळली तरी परिणाम मोठा होतो.

वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचे आहे. मशीनवर दाब चांगला दिसतो, पण रुग्णाचे हात गार पडलेले, नखे फिकट आणि लघवीच्या पिशवीत थेंब नाही. आकडा चांगला असतो आणि माणूस चांगला नसतो. अनुभवी सिस्टर आकड्याआधी हात लावून बघते ते याचसाठी. झायलाझिन दिलेल्या घोड्याच्या बाबतीत पहिल्या काही मिनिटांत हेच घडते, म्हणून एवढे लांबण लावले.

एकच किल्ली, दोन जागची कुलुपे

रक्तवाहिनीच्या स्नायूला आवळ म्हणून सांगते ते नॉरअॅड्रेनलिन नावाचे रसायन. चेतातंतूंच्या टोकांतून ते बाहेर पडते आणि स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते. या जागांना रिसेप्टर म्हणतात. आपण त्यांना कुलुपे म्हणू. ही कुलुपे अनेक जातींची असतात. त्यातल्या 'अल्फा-२' या जातीच्या कुलपाला झायलाझिनची किल्ली चपखल बसते.

आता मेख अशी की अल्फा-२ ची कुलुपे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी आहेत. काही रक्तवाहिनीच्या भिंतीवर आहेत. तिथे किल्ली लागली की स्नायूत कॅल्शियम शिरते आणि स्नायू आवळतो. काही कुलुपे मेंदूत आणि चेतातंतूंच्या टोकांवर आहेत, आणि तिथे ती ब्रेकचे काम करतात. रसायन पुरेसे सुटले की "आता पुरे" असे सांगणारी ही जागा आहे. झायलाझिन तिथे बसले की चेतातंतू नॉरअॅड्रेनलिन सोडणेच कमी करतात. मेंदूच्या देठातला जागे ठेवणारा भाग मंदावतो आणि गुंगी येते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणारा "ताठ राहा" हा हुकूमही ढिला पडतो.

म्हणजे एकच औषध नळीपाशी उभे राहून नळी आवळते आणि वर मेंदूत बसून ती सैल करायला लावते. जिंकते कोण? ते वेळेवर ठरते. औषध शिरेत सोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तात ते भरपूर असते, तेव्हा भिंतीवरच्या कुलुपांचा जोर चालतो. रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. पुढे रक्तातले प्रमाण उतरू लागते, भिंतीवरचा जोर ओसरतो, आणि मेंदूतून आलेला ढिलेपणा वरचढ होतो. दाब उतरतो, आणि नेहमीच्या पातळीच्याही खाली जाऊन तिथे बराच वेळ रेंगाळतो. स्नायूत इंजेक्शन दिले तर औषध रक्तात हळूहळू येते, त्यामुळे सुरुवातीची चढण इतकी ठळक नसते. याच गटातली डेटोमिडिन आणि रोमिफिडिन ही औषधे घोड्यांना देतात. त्यांच्यात चढण झायलाझिनपेक्षा जास्त वेळ टिकते. झायलाझिनची गुंगी साधारण अर्धा-पाऊण तास राहते.

हृदय का मंदावते, हेही याच गोष्टीचा भाग आहे. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या चेता असतात. दाब चढला की त्या मेंदूला कळवतात, आणि मेंदू व्हेगस नावाच्या चेतेमार्फत हृदयाला सांगतो, सावकाश चाल. एरवी विश्रांती घेणाऱ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. इंजेक्शननंतर ती याच्याही खाली जाते. मधेच एखादा ठोका गळतो, कधी काही सेकंदांची शांतता पडते. वरच्या कप्प्यात निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून हे होते. पहिल्यांदा नाडी धरणारा यामुळे घाबरून जातो. पण घोड्यात ठोका गळणे एरवीही दिसते. कितीतरी धडधाकट घोड्यांचा ठोका विश्रांतीत गळतो आणि चार पावले दुडकी चाल करवली की ताल नीट होतो.

इथे एक मोह होतो. हृदय मंद झाले ना, मग ते वेगाने चालवणारे ॲट्रोपिन द्या. माणसांच्या वॉर्डात हे इंजेक्शन हाताशी असते म्हणून आम्हालाही ते आधी आठवते. पण विचार करून पाहा. रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत, आणि हृदय मंदावून त्या दाबापासून स्वतःला सांभाळत आहे. अशा वेळी त्याला चाबूक मारला तर ते आवळलेल्या नळ्यांवर आणखी जोराने धडकणार, दाब आणखी चढणार आणि हृदयाचे कष्ट वाढणार. शिवाय ॲट्रोपिनने घोड्याची आतडी थंडावतात, आणि झायलाझिनने ती आधीच थंडावलेली असतात. घोड्याला पोटशूळ जिवावर बेततो. म्हणून हा निर्णय पशुवैद्याचा. हौशी माणसाने त्यात पडू नये.

"सिस्टर, घोडा तर गप उभा आहे, मग डॉक्टर सारखे हिरड्या का बघतात?" असे मोतद्दार भाऊ विचारतात. उत्तर आता तुमच्या लक्षात आले असेल. चढणीत आणि उतारात, दोन्ही वेळा हृदय मिनिटाला पुढे ढकलत असलेले रक्त नेहमीपेक्षा कमीच असते. आधी नळ्या आवळल्यामुळे आणि हृदय मंदावल्यामुळे, नंतर हुकूम ढिला पडल्यामुळे. दाबाचा आकडा एकदा वर, एकदा खाली दिसला तरी प्रवाह दोन्ही वेळा घटलेला. प्रवाहाचा अंदाज हिरडी देते. दातांच्या वर हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. औषधानंतर हिरडी थोडी फिकी दिसणे समजू शकते. पण ती पांढरीफटक किंवा निळसर पडली, किंवा रंग परतायला वेळ लागू लागला, तर त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारायची. नाडी खालच्या जबड्याच्या हाडावरून जाणाऱ्या धमनीत बोटांना लागते. ती घोडा ठीक असताना रोज धरून बघायची सवय लावा. आपल्या घोड्याचे नेहमीचे काय ते माहीत असल्याशिवाय आजचे बिघडलेले ओळखता येत नाही.

धडधाकट घोडा हे सगळे पेलतो. म्हणूनच हे औषध जगभर इतकी वर्षे वापरात आहे आणि योग्य हातात ते चांगले औषध आहे. दात घासायचे असोत, जखम शिवायची असो किंवा नाल ठोकून न घेणारा घोडा असो, त्याच्याशी मारामारी करण्यापेक्षा गुंगी बरी. ती घोड्यालाही बरी आणि माणसालाही.

खरा धोका आजारी घोड्यात आहे. समजा त्याचे रक्त गेले आहे, किंवा उन्हात, जुलाबात अंगातले पाणी आटले आहे. अशा वेळी शरीर काय करते? हातापायाच्या, कातडीच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून उरलेले रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवते, आणि ठोके वाढवते. या धडपडीमुळेच तो उभा असतो, आणि दाबही जेमतेम टिकलेला असतो. आता त्याला झायलाझिन दिले. ठोके उतरले, आणि थोड्याच वेळात तो ताठ राहण्याचा हुकूमही गेला. ज्या काठीच्या आधाराने तो उभा होता तीच काढून घेतली. अशा घोड्याला आधी सलाईन लागते, आणि गुंगी द्यायचीच तर अगदी बेताची. पोटशूळाच्या घोड्याला पशुवैद्य झायलाझिन देतात, कारण ते दुखणेही कमी करते. पण त्यात आणखी एक मेख आहे. अर्धा तास दुखणे झाकले जाते आणि मालकाला वाटते, उतार पडला. आतड्याचा पीळ तसाच असू शकतो. त्या अर्ध्या तासाला बरे होणे समजून डॉक्टरांना परत पाठवू नका.

घोड्याची मात्रा गाईला नाही

हा भाग ज्यांच्या दारात गाय, म्हैस किंवा शेळ्या आहेत त्यांच्यासाठी, आणि आमच्या मते या लेखातला सगळ्यात निकडीचा. गाय-बैल या औषधाला घोड्यापेक्षा साधारण दहा पट हळवे असतात. घोड्याला शिरेतून दर किलो वजनाला सुमारे १.१ मिलिग्रॅम लागते. गाईला त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम भागते. शेळी-मेंढीही तशीच हळवी. मेंढ्यांमध्ये तर फुप्फुसांवर थेट परिणाम होतो. तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसात पाणी उतरते आणि जनावराला श्वास पुरत नाही. गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत हे औषध गर्भाशय आवळायला लावू शकते आणि गाभ पडू शकतो.

यात बाटलीचा गोंधळ आणखी भर घालतो. झायलाझिनच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असते, काहींत १००. सिरिंजमध्ये दोन्ही सारखेच दिसते. घोड्याच्या उपचारातून उरलेली बाटली "पडून आहे, बोकडाला खच्ची करताना चालेल" म्हणून जपून ठेवली जाते. पाच पटीच्या ताकदीची बाटली आणि दहा पट हळवे जनावर एकत्र आले म्हणजे पन्नास पट चूक होऊ शकते. एका बोकडाची किंमत काय आणि ती कुणाच्या घरातून जाते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. उरलेली बाटली डॉक्टरांकडे परत द्या.

आता दोरी धरणाऱ्यासाठी थोडे. इंजेक्शनआधी घोड्याला शांत जागी नेऊन काही मिनिटे उगी राहू द्यावे. बिथरलेल्या घोड्याच्या रक्तात अॅड्रेनलिन उसळलेले असते, त्यावर औषध नीट चढत नाही. मग पुन्हा दुसरी सुई, आणि मात्रा वाढत जाते. मानेतली शीर आणि मेंदूकडे जाणारी धमनी शेजारी-शेजारी असतात. चुकून औषध धमनीत गेले तर ते थेट मेंदूत पोहोचते आणि काही सेकंदांत घोडा झटके येऊन कोसळतो. हे काम शिकलेल्या हातानेच का करायचे, याला एवढे एकच कारण पुरे. सुई टोचताना मोतद्दाराने समोर नव्हे, खांद्याच्या बाजूला उभे राहावे.

गुंगीतला घोडा लाथ मारत नाही हा समज जीव घेणारा आहे. तो मान खाली घालून उभा असतो, आणि मागून कुणी स्पर्श केला किंवा पत्रा वाजला की नेमकी, ताकदीने लाथ बसते. त्याच्या मागे उभे राहू नये, लहान मुलांना जवळ आणू नये. पूर्ण जागा होईपर्यंत चारा देऊ नये, नाहीतर गुंगीत घास अन्ननलिकेत अडकतो. त्याला घाम येतो, म्हणून सावलीत ठेवावे. नंतर तो भरपूर लघवी करतो, तेही औषधामुळेच. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणारा इशारा औषध दाबते आणि रक्तातली साखर वाढवते. पूर्ण जागा झाला की पाणी पुढे ठेवावे. आणि वरातीत डीजेच्या आवाजाला घोडी बुजू नये म्हणून कुणी सुई द्यायला सुचवले, तर सरळ नाही म्हणा. पाय लटपटणाऱ्या, दाब उतरलेल्या घोडीवर माणूस बसवून गर्दीतून नेणे म्हणजे अपघात ठरवून करणे. आवाज कमी करता येतो.

हेच औषध माणसाच्या अंगात गेले तर

माणसाच्या रक्तवाहिन्यांवर आणि मेंदूत तीच अल्फा-२ कुलुपे आहेत. म्हणून सुई मोतद्दाराच्या हातात घुसली आणि औषध आत गेले, तर क्रमही तसाच. दाब थोडा वेळ चढू शकतो, मग उतरतो, नाडी मंदावते, तोंड कोरडे पडते, डोळ्यांवर झापड येते. जास्त गेले तर श्वास उथळ होतो. घोड्यात हे औषध उतरवण्यासाठी टोलाझोलिनसारखी उलटी औषधे आहेत. माणसासाठी मान्यता मिळालेला असा उतारा नाही. उपचार म्हणजे रुग्णाला झोपवून श्वास, दाब, नाडी आणि साखर यांच्याकडे लक्ष ठेवणे, आणि जे ढासळेल त्याला आधार देणे.

अमेरिकेत याचे भयंकर रूप दिसले. तिथे नशेच्या बाजारात फेंटानिल नावाच्या अफूसारख्या औषधात झायलाझिन मिसळून विकले जाऊ लागले. आधी प्वेर्तो रिकोत, मग फिलाडेल्फियात, मग देशभर. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या औषध नियामक संस्थेने डॉक्टरांना सावध केले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने या मिश्रणाला नव्याने उभा राहिलेला धोका म्हणून जाहीर केले. ते वापरणाऱ्यांच्या कातडीवर काळे पडणारे, सडणारे व्रण होतात, आणि तेही कधी सुई टोचलीच नाही अशा जागी. पुन्हा पुन्हा आवळल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि उपाशी पडणारी कातडी, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. फेंटानिलवरचा उतारा नॅलॉक्सोन झायलाझिनला उतरवत नाही. तरीही तो द्यायचाच असतो, कारण श्वास थांबवणारे फेंटानिलही सोबत असते. या व्रणांमुळे त्या माणसांना दवाखान्याच्या दारातही किळसवाण्या नजरा मिळतात. व्रण धुणे, झाकणे आणि माणसाला माणूस म्हणून बोलावणे, नर्सचे काम इथूनच सुरू होते.

आता घरातला डबा. सर्दीत चोंदलेले नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब याच अल्फा कुळातले. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या की वाट मोकळी होते. मोठ्या माणसाच्या नाकात दोन थेंब हे काम नीट करतात. पण लहान मुलाने ती बाटली तोंडाला लावली तर थेंबभर औषधही पोटातून मेंदूत जाते, आणि मूल पेंगुळते, नाडी मंदावते, श्वास हळू होतो. झोपेचे औषध पाजल्यासारखेच. ही बाटली उशाशी ठेवायची वस्तू नाही. बीपीसाठी दिली जाणारी क्लोनिडिनची गोळीही झायलाझिनची सख्खी बहीण. ती मेंदूतला ब्रेक दाबून दाब उतरवते. गोळ्या संपल्या म्हणून ती एकाएकी बंद केली की ब्रेक सुटतो आणि दाब उसळून वर जातो. घरातल्या आजी-आजोबांच्या गोळ्यांत हे नाव असेल तर पट्टी संपायच्या चार दिवस आधी दुसरी आणा, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू. मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शांत ठेवायला वापरतात ते डेक्समेडेटोमिडिनही याच घरातले. भरभर दिले तर आधी दाब चढतो, मग उतरतो, नाडी मंदावते. घोड्यातले चित्र ज्याला समजले त्याला आयसीयूतले समजावून सांगावे लागत नाही.

तबेल्यात सुई लागली तर काय करायचे ते लक्षात ठेवा. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. औषध डोळ्यात उडाले असेल तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा. आडवे पडा, आणि मोटारसायकल स्वतः चालवत दवाखान्यात जाऊ नका, कारण गुंगी वाटेतच येईल. १०८ ला फोन करा. सोबत कुणीतरी चला, आणि ती बाटली लेबलसकट घेऊन जा. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेले असेलच असे नाही. त्यांना सांगा, "जनावरांचे गुंगीचे औषध आहे, झायलाझिन, क्लोनिडिनच्या गटातले. दाब आत्ता चांगला दिसला तरी काही तास सोडू नका."